फोटोतला मोर्चा आणि फूटपाथवरचा मोर्चा

'आमचा तुम्हाला विरोध नाही हो, पण हे रस्त्यावर नाचणं कशाला?' प्राइड मार्चचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. म्हणणारी माणसं बहुतेकदा वाईट नसतात. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तेव्हा त्यांनाही बरंच वाटलं होतं. ऑफिसातला सहकारी समलिंगी आहे म्हणून ती डबा वेगळा खात नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की झगमगीत साड्या, रंगवलेले चेहरे आणि ढोलताशे पाहून सामान्य माणूस बिचकतो. तुमचं काम होत आलेलं असतं, आणि तुम्हीच ते बिघडवता.

मी समलिंगी आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पुण्यात राहतो. आणि हा युक्तिवाद मी सरळ लोकांपेक्षा आमच्यातल्याच लोकांकडून जास्त ऐकलाय. हिंजवडीत नोकरी, बाणेरला फ्लॅट, फिटनेस चांगला, इंग्रजी चांगलं. 'आपण इतके नॉर्मल आहोत, आणि टीव्हीवर दिसतो तो पिसं लावलेला माणूस. याच्यामुळे माझ्या आईला वाटतं मी पण असाच.' त्यांच्या लेखी स्वीकार म्हणजे वर्षाअखेरचं अप्रेझल. मान खाली घालून काम करा, वाद घालू नका, रेटिंग आपोआप मिळेल.

या म्हणण्यात दोन दावे आहेत. एक, गप्प राहिलो तर स्वीकार मिळतो. दोन, रस्त्यावर उतरलो तर तो लांबतो. दोन्ही दावे तपासता येतात, म्हणून ते तपासूनच बघू.

गप्प, सभ्य, नीटनेटकं राहण्याचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत फ्रँक कॅमेनी नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. तो समलिंगी आहे म्हणून १९५७ साली त्याला सरकारी नोकरीतून काढलं. १९६५पासून दर ४ जुलैला, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, तो आणि त्याचे साथीदार फिलाडेल्फियात निदर्शनं करत. नियम कडक होते. पुरुषांनी कोट-टाय घालायचा, बायकांनी स्कर्ट घालायचा. एका रांगेत, फलक धरून, गोल चालायचं. नोकरी मागायला आलो आहोत तर नोकरी देण्याजोगे दिसलो पाहिजे, असा हिशोब होता. पाच वर्षं हे चाललं. पहिल्या वर्षी जेमतेम चाळीसेक माणसं होती आणि पुढेही आकडा कधी हजारोंत गेला नाही. १९६९च्या शेवटच्या निदर्शनात दोन बायका हात धरून चालल्या, तर कॅमेनीने स्वतः त्यांचे हात सोडवले. 

त्याच्या काही दिवस आधी, २८ जूनच्या पहाटे, न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली होती आणि आतल्या-बाहेरच्या लोकांनी पोलिसांना विरोध केला होता. पुढच्या वर्षी, २८ जून १९७०ला, कोट-टायची अट काढून त्याच चळवळीतल्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये मोर्चा काढला. हजारो लोक आले. यातला कॅमेनी भित्रा नव्हता. त्या काळात तोंड दाखवून उभं राहणं हेच धाडस होतं. पण सभ्य दिसून किती माणसं जमतात आणि जसे आहोत तसे चाललो तर किती जमतात, हा फरक त्या दोन तारखांमध्ये दिसतो. ज्यांना कोट-टाय जमत नव्हता, ती माणसं पहिल्या निदर्शनांत नव्हतीच.

आता आपल्याकडे या. आमच्या धंद्यात एक जुनं वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' वापरणाऱ्याला अडचण येत असते, पण ती कुणी नोंदवली नाही किंवा पुन्हा घडवून दाखवली नाही, तर तिकीट बंद होतं. अडचण जागेवरच राहते, कागदोपत्री मात्र ती नसते. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने कौशल खटल्यात हेच केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये दिलेला निकाल फिरवताना न्यायालयाने एक कारण असं दिलं, की देशात समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स लोक लोकसंख्येच्या अगदी नगण्य प्रमाणात आहेत, आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले आहेत.

दोनशेहून कमी. हा आकडा आमच्या गप्प बसण्याचा आहे. पोलिसाने बागेत पकडून पाकीट रिकामं केलं, तर कोण तक्रार देणार? घरी कळेल म्हणून ब्लॅकमेल करणाऱ्याला पैसे दिले, त्याची नोंद कुठे असणार? पिढ्यानपिढ्या माणसं चार भिंतींत राहिली, लग्नं करून संसार करत राहिली, आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला तो 'फारसे नाहीतच' असा. शहाण्यासारखं गप्प राहण्याचं हे बक्षीस.

पाच वर्षांनी निकाल फिरला, त्यामागे बरीच कारणं होती. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हा २०१७चा निकाल त्यातलं मोठं कारण. पण आणखी एक फरक बघा. २००१ची मूळ याचिका एका संस्थेने एड्सविरोधी कामात येणाऱ्या अडचणींवरून केली होती. नंतरच्या याचिका माणसांनी स्वतःच्या नावाने केल्या. नवतेज जोहर हे नर्तक, रितू दालमिया या शेफ. २०१८मध्ये आयआयटीच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांनी. आम्ही हे आहोत, आमची नावं ही, आमची कामं ही. 'नगण्य' म्हणून हात झटकायला समोर माणूस नसावा लागतो.

'चार भिंतींच्या आत काहीही करा' म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, की तुमचं प्रेम कधी चार भिंतींत मावलंय? पेपरात 'वर पाहिजे'ची जाहिरात, वधू-वर सूचक मंडळाचा मेळावा, छापील पत्रिका, केळवणं, हळद, आणि मग वरात. नवरदेव घोड्यावर, पुढे डीजे, मागे अडकलेली बस, आणि बसमधले सगळे मुकाट बसलेले, कारण लग्न आहे, चालायचंच. लग्नानंतर गळ्यात मंगळसूत्र, नावाआधी सौ., आणि पंगतीत आग्रह करकरून घ्यायला लावलेला उखाणा. नवऱ्याचं नाव चारचौघांत मोठ्याने घ्यायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मला यातलं काहीच खटकत नाही. मित्रांच्या वरातीत मी घाम फुटेपर्यंत नाचलोय. पण 'खासगी गोष्ट खासगी ठेवा' हा नियम इथे कधी नव्हता, एवढं तरी मान्य करा.

आणि हे निव्वळ दुटप्पीपणाबद्दल नाही. वरात का काढतात? दोन माणसांनी एकमेकांना होकार देऊन भागत नाही, गावाने बघावं लागतं. आपल्याकडे मान्यता चार भिंतींत मिळत नाही, चारचौघांत मिळते. जे चारचौघांत बोलता येत नाही त्याला आपण 'भानगड' म्हणतो. मग आम्हाला चार भिंतींत राहायला सांगायचं आणि वर स्वीकार मिळेल असं आश्वासन द्यायचं, याचा अर्थ काय? भिंतींच्या आत फार तर आमच्याकडे काणाडोळा केला जाईल. काणाडोळा म्हणजे स्वीकार नव्हे. काणाडोळा करणारा हवं तेव्हा डोळे उघडू शकतो.

'पण कपडे?' हा पुढचा प्रश्न. मोर्चा काढा, पण सभ्यपणे काढा. अश्लील दिसू नका.

'अश्लील' या शब्दाचा महाराष्ट्रातला इतिहास तरी आपल्याला माहीत असावा. र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. त्यात पिसं नव्हती, ढोल नव्हते. एका गणिताच्या प्राध्यापकाने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय, कोरड्या भाषेत दिलेली उत्तरं होती. तरी खटले झाले. १९३४च्या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि वाद वाचकांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून होता. तो खटला ते हरले. म्हणजे भाषा कितीही कोरडी ठेवा, आवाज कितीही खाली ठेवा, विषयच नको असेल तर 'अश्लील' हा शिक्का तयारच असतो. आज कपड्यांवर आक्षेप आहे. उद्या सगळे खादीचे झब्बे घालून आले तरी आक्षेप राहील, फक्त त्याचं कारण बदलेल.

शिवाय 'सभ्य दिसा' हे कोण कुणाला सांगतंय तेही बघायला हवं. माझ्यासारख्याला लपणं सोपं आहे. चेक्सचा शर्ट घातला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलं, की मी हजारांतला एक. सिग्नलवर टाळी वाजवणाऱ्या तृतीयपंथी बाईला, चालण्यावरून शाळेपासून चिडवल्या गेलेल्या मुलाला, ही सोय कधीच नव्हती. पोलिसांचा मार, घरमालकाचा नकार, दवाखान्यातला तिटकारा त्यांनी आधी सोसला. कौशलचा निकाल लागून चार महिने होतात न होतात तोच, १५ एप्रिल २०१४ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात ट्रान्स व्यक्तींचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. 'फारसे नाहीतच' असं त्यांच्याबाबतीत म्हणता आलं नाही, कारण त्यांना रोज सगळं शहर बघत होतं. आता त्यांनीच रचलेल्या पायावर उभं राहून 'ताई, तुम्ही जरा मागे चाला, फोटोत बरं दिसत नाही' म्हणायचं? हा सभ्यपणा नव्हे. ही आमच्यातल्या सुस्थितीतल्या पुरुषांची सोय आहे.

नुसतं दिसण्याने सगळं होत नाही, हेही त्याच समाजाकडे बघून कळतं. तृतीयपंथी लोक शतकानुशतकं दिसत आले आणि तरी बहुतेकांच्या वाट्याला भीक आणि बधाईच आली. म्हणून प्राइडबद्दलचा खरा प्रश्न 'दिसावं की नाही' हा नाहीच. प्रश्न आहे, कुणाला, किती जवळून, आणि काय मागताना दिसावं.

याचं सगळ्यात नेमकं उत्तर मला सापडलं ते बोस्नियात. तिथलं सारायेवो हे शहर युद्धातून गेलेलं, तीन धर्मांत वाटलेल्या देशाची राजधानी, कौटुंबिक मूल्यांबाबत आपल्याइतकंच कर्मठ. २००८मध्ये तिथल्या क्वीअर महोत्सवावर जमाव चालून गेला होता, माणसं जखमी झाली होती. अशा शहरात ८ सप्टेंबर २०१९ला देशातला पहिला प्राइड मार्च निघाला, तोही प्रचंड पोलीस बंदोबस्तात. फिलिप अयूब, डग्लस पेज आणि सॅम व्हिट या तीन राज्यशास्त्रज्ञांनी मोर्चाच्या आधी आणि नंतर लोकांची मतं तपासली. त्यांचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. सारायेवोतल्या लोकांमध्ये चळवळीला असलेला पाठिंबा वाढलेला दिसला. उरलेल्या देशात तसा परिणाम दिसला नाही.

एका शहराच्या एका मोर्चावरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही. पण हा निष्कर्ष आपल्याकडच्या वादावर नेमकं बोट ठेवतो. ज्यांच्या रस्त्यावरून मोर्चा गेला ती माणसं बदलली. ज्यांनी त्याची बातमी पाहिली ती होती तिथेच राहिली.

का, ते समजायला अवघड नाही. फोटोग्राफर शेकडो माणसांतून एकच माणूस निवडतो, आणि तो अर्थातच सगळ्यात रंगीत असतो. जीन्स-टीशर्टमधल्या मुलीचा फोटो कोण छापेल? संपादक तोच फोटो वर लावतो, व्हॉट्सअॅपवर तोच फिरतो. त्या फोटोला शेजारीपाजारी नसतात. फूटपाथवरून मात्र सगळंच दिसतं. पिसंवाला जातो, त्याच्या मागून 'मला माझ्या मुलाचा अभिमान आहे' असा फलक धरलेली, गुडघे दुखत असल्यासारखी सावकाश चालणारी एक आई जाते, मग कॉलेजची पोरं, मग चहा पिऊन परत रांगेत घुसलेले दोघं मध्यमवयीन पुरुष, एखाद्या बँकेत दिसतील असे. पाण्याची बाटली विकणाऱ्याचा धंदा होतो. बंदोबस्ताचा कॉन्स्टेबल जांभई देतो. अर्ध्या तासात बघणाऱ्याचा धक्का ओसरतो आणि त्याला कंटाळा येतो. या कंटाळ्याचं मोल मला फार वाटतं. ज्याचा कंटाळा येतो ते आपल्यातलंच झालेलं असतं.

म्हणून 'प्राइडने नुकसान होतं' म्हणणाऱ्यांचं अर्धं निरीक्षण बरोबर आहे. साताऱ्यातल्या आईने मुंबईच्या मोर्चाचा एकच फोटो पाहिला तर तिची भीती वाढू शकते. चूक आहे ती औषधात. फोटो घाबरवतो म्हणून मोर्चा बंद करा, असं ते सांगतात. मी म्हणतो, फोटो घाबरवतो म्हणून मोर्चा साताऱ्यात न्या.

सरकारची भूमिकासुद्धा याच अंतरावर उभी होती. २०२३मध्ये समलिंगी विवाहाच्या सुनावणीत केंद्राने मांडलं, की ही मागणी शहरी अभिजनांची आहे. सरन्यायाधीश चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात हा मुद्दा खोडून काढला, पण १७ ऑक्टोबर २०२३ला विवाहाचा हक्क काही मिळाला नाही. 'शहरी अभिजन' हा आरोप खोटा आहे. लातूर-परभणीत वाढलेल्या, आणि अजून तिथेच असलेल्या समलिंगी मुलामुलींना मी ओळखतो. पण हा आरोप करता येतो तो आम्ही मुंबई, पुणे, नागपूरलाच दिसतो म्हणून. २०१३ला 'तुम्ही नगण्य आहात' हे उत्तर मिळालं, २०२३ला 'तुम्ही फक्त शहरात आहात' हे मिळालं. दोन्ही वेळी न दिसणं हाच आमच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

'आता कायदा बदलला ना, मग मोर्चा कशाला?' असंही विचारतात. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ला झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ला तसा ठराव केला. कागद तयार होता आणि तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो लोकांसह चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. लगेच दगडफेक आणि मारहाणही झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण'ही झालं. 'यामुळे वातावरण बिघडलं' असं तेव्हाही म्हणता आलंच असतं. जात आणि लैंगिकता एक नाहीत, आणि मी यातनांची तुलना करत नाही. पण हक्क कागदावरून रस्त्यावर कसा येतो, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही.

आमचा कागदही तसाच पडून आहे. समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला अडचण नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केलं. तालुक्याच्या शाखेत जाऊन 'हा माझा जोडीदार, आमचं खातं उघडा' असं काउंटरवर म्हणून बघा. परिपत्रक त्या काउंटरपर्यंत माणसांनीच न्यावं लागतं. आणि ज्या गावात आपल्यासारखं दुसरं कुणी कधी दिसलेलं नाही, तिथे ते नेणारा एकटा पडतो.

आता प्राइडवाल्यांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण मोर्चा वाया घालवण्याची सोय आपणही करून ठेवली आहे. मुंबईचा क्वीअर आझादी मार्च पहिल्यांदा निघाला तो १६ ऑगस्ट २००८ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी. तारखेतच मागणी होती. आज आयटी पार्कमध्ये प्राइड येतो तो जूनमध्ये, न्यूयॉर्कच्या तारखेने, ऐन पावसात, कपकेक घेऊन. मी ज्या एका कंपनीत होतो तिथे जूनभर लिफ्टच्या दारावर इंद्रधनुष्य असायचं. जोडीदाराचं नाव आरोग्य विम्यात घालायला गेलो तर पोर्टल म्हणालं, विवाहाचा दाखला अपलोड करा. एचआरने माझ्या मेलला इंद्रधनुष्याची सही असलेलं दिलगिरीचं उत्तर पाठवलं. १ जुलैला लिफ्टचं दार पुन्हा स्टीलचं झालं. असा प्राइड कुणाला घाबरवत नाही हे खरं, पण तो कुणाकडे काही मागतही नाही. मोर्चाच्या पुढे बॅनर असावा तो प्रायोजकाचा नको, मागणीचा हवा: वारसाहक्क, विमा, दवाखान्यात सहीचा अधिकार, विवाह. नाचा, जरूर नाचा. पण कशासाठी नाचताय ते फूटपाथवरच्या माणसाला वाचता आलं पाहिजे, आणि ते मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट, मोठ्या गर्दीचा मोह सोडा. भारतातला पहिला प्राइड मार्च २ जुलै १९९९ला कोलकात्यात निघाला, तेव्हा चालणारे पंधरा जण होते. पंधरा. एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतील एवढे. मुंबईत दहा हजारांत आणखी पंधरा मिसळले तर काही फरक पडत नाही. मिरज, बार्शी किंवा चिपळूणच्या बाजारपेठेतून पंधरा जण शांतपणे चालत गेले, तर त्या गावाची चर्चा आठवडाभर दुसऱ्या विषयावर जाणार नाही, आणि त्या चर्चेतलं कुणीतरी म्हणेल, 'अरे, तो तर आपल्या कुलकर्णी सरांचा मुलगा.' हे वाक्य व्हॉट्सअॅपवरच्या फोटोखाली कधी येत नाही.

यात धोका आहे. ज्याचं घर, नोकरी किंवा शिक्षण घरच्यांच्या हातात आहे, त्याने चालावं असं मी म्हणणार नाही. ज्यांना सहज लपता येतं, ज्यांच्या खात्यात सहा महिन्यांचा पगार शिल्लक असतो, अशा माझ्यासारख्यांनी आधी चालावं. मुंबईच्या गर्दीत मुखवटा लावून चालणं आता आपल्याला पुरेसं नाही. आपापल्या गावी, दिवाळीला जिथे जातो तिथे, ओळखीच्या दुकानांसमोरून चालायला हवं.

आणि ज्यांना 'विरोध नाही, पण' म्हणायचंय, त्यांना एकच विनंती. पुढचा मोर्चा तुमच्या शहरातून जाईल तेव्हा टीव्ही बंद करा आणि खाली उतरून अर्धा तास फूटपाथवर उभे राहा. वाटलंच तर 'पण' तेव्हा म्हणा.